बाळाला सुई मांडीतच का?

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत थोडा वेळ बसून पाहिले, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. अडीच महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर असते. आरोग्यसेविका बाळाचा लंगोट सोडायला सांगते आणि लस भरू लागते. तेवढ्यात सोबत आलेली आजी म्हणते, "बाई, मांडीत कशाला टोचता? मागच्या वेळी पोरानं दोन दिवस पाय नीट हलवला नाही. कमरेत द्या की, तिथं मांस जास्त असतं." आरोग्यसेविकेपुढे अजून पंधरा-वीस बाळे असतात. "आजी, तसं चालत नाही," एवढेच बोलून ती आपले काम उरकते.

आजीचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. तिला स्वतःला, तिच्या मुलांना आजवर टोचलेल्या बहुतेक सुया कमरेतच, म्हणजे नितंबावर, टोचलेल्या असतात. दिसायलाही तिथे भरपूर मांस आहे, मांडी त्यामानाने बारीक. मग डॉक्टरांनी आणि सरकारी कार्यक्रमाने मांडीचाच आग्रह का धरावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की शरीररचना, रोगप्रतिकारशक्ती आणि थोडी भूमितीसुद्धा हाताशी घ्यावी लागते. शिवाय हे उत्तर कळणे ही केवळ माहितीची बाब नाही. चुकीच्या जागी टोचलेल्या एका सुईने मुलाचा पाय कायमचा अधू होऊ शकतो.

त्वचा, चरबी आणि स्नायू

सुई शरीरात शिरताना तिला तीन थर लागतात. सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली चरबीचा मऊ थर आणि त्याखाली स्नायू. लस यांपैकी कोणत्या थरात सोडायची हे लस कशी बनवली आहे यावर ठरते.

आजीच्या नातवाला जी लस दिली जात आहे तिचे नाव पेंटाव्हॅलंट. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर या पाच आजारांविरुद्धची ही एकत्रित लस. हिच्यात जिवंत जंतू नसतात. मारलेले जंतू, त्यांचे तुकडे किंवा निष्प्रभ केलेली विषे असतात. अशी सामग्री शरीरात वाढत नाही, त्यामुळे शरीराने तिची पुरेशी दखल घ्यावी म्हणून तिच्या जोडीला एक चेतावणारा पदार्थ घालावा लागतो. अॅल्युमिनियमचे क्षार हे काम करतात. ब्रिटनमधील अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये घटसर्पाच्या लसीवर काम करताना हा गुण दाखवून दिला आणि आजही अनेक लसींत हेच क्षार वापरतात.

या क्षारांमुळे टोचलेल्या जागी थोडा दाह होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे जमतात, लसीतील प्रतिजने उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथींकडे नेतात. मांडीत लस दिली तर जांघेतील, दंडात दिली तर काखेतील ग्रंथींकडे. प्रतिपिंडे तयार करण्याचे खरे काम या ग्रंथींत सुरू होते. ही वाहतूक नीट व्हायची तर टोचलेल्या जागी रक्तपुरवठा चांगला हवा आणि पेशींची ये-जा सुरळीत हवी. स्नायूत हे दोन्ही असते. चरबीच्या थरात रक्तवाहिन्या विरळ असतात. लस तिथे पडली की ती बराच काळ तशीच साचून राहते, पुरेशा पेशी तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि दाह मात्र तिथल्या तिथे चालू राहतो. परिणाम दुहेरी होतो. संरक्षण कमी मिळते आणि गाठ, सूज किंवा गळू होण्याचा धोका वाढतो.

म्हणून पहिली अट अशी, की जिथे सुई टोचायची तिथे त्वचेखाली पुरेसा मोठा स्नायू हवा आणि त्यावर चरबीचा थर फार जाड नको.

कमरेत असते काय?

आता आजीच्या म्हणण्याकडे वळू. बाळाची कंबर गुबगुबीत असते हे खरे, पण ती गुबगुबीत असते ती मुख्यतः चरबीमुळे. नितंबाचा मोठा स्नायू माणसाला ताठ उभे राहायला, चालायला, चढायला लागतो. जे बाळ अजून पालथेही पडत नाही त्याचा हा स्नायू पुरता भरलेला नसतो. मूल चालू लागल्यावर हळूहळू तो भरतो. बोटाला जे मऊ मांस लागते ते बाळाच्या बाबतीत मांस नव्हेच.

या चरबीचा परिणाम मोठ्या माणसांतही दिसून आला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कावीळ ब ची लस अमेरिकेत रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना देऊ लागले. ज्यांना ती नितंबात दिली होती त्यांच्यात दंडात दिलेल्यांपेक्षा प्रतिपिंडे कमी तयार झालेली आढळली. सुई स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच थांबत असावी, हे त्याचे संभाव्य कारण होते. १९८५ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने ही बाब प्रसिद्ध केली आणि मोठ्या माणसांना ही लस दंडात द्यावी असे सांगितले. कुत्रा चावल्यावर द्यावयाची रेबीजची लसही नितंबात देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पूर्वी पोटावर दिल्या जाणाऱ्या त्या इंजेक्शनांची जागा आता दंडाने, आणि लहान मुलांत मांडीने, घेतली आहे. रेबीजच्या बाबतीत संरक्षण थोडेसेही कमी पडून चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पण कंबर नाकारण्याचे याहून मोठे कारण आणखी खोलवर आहे. शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू नितंबातून जातो. त्याला सायॅटिक मज्जातंतू म्हणतात. 'सायटिका' या दुखण्याचे नाव याच्यावरूनच आले. कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या अनेक शाखा एकत्र येऊन हा दोर बनतो. प्रौढ माणसात सुरुवातीला त्याची रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर असते. कटीच्या हाडांमधील फटीतून तो बाहेर पडतो, नितंबाच्या स्नायूखालून उतरतो, मांडीच्या मागच्या बाजूने खाली येतो आणि गुडघ्याच्या आसपास दोन शाखांत विभागतो. मांडीच्या मागचे स्नायू, पोटरी आणि पाऊल हलवण्याचे आदेश याच्यातूनच जातात.

मोठ्या माणसांना नितंबात इंजेक्शन देताना एक नियम शिकवला जातो. नितंबाचे मनाने चार भाग करावेत आणि वरच्या-बाहेरच्या भागात सुई टोचावी, कारण मज्जातंतू त्या भागाच्या खालून-आतून जातो. प्रौढाच्या शरीरावर हा चौकोन तळहाताएवढा असतो. बोटभर चूक झाली तरी निभावते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या शरीरावर तोच चौकोन काडेपेटीएवढा उरतो. त्यात बाळ रडते, वळवळते, आई त्याला घट्ट धरायला घाबरते. सेंटिमीटरभर चूक झाली, की सुई जिथे जाऊ नये तिथे जाते. म्हणजे नियम बरोबर असला तरी तो पाळायला लागणारी जागाच बाळाकडे नाही.

एका पायाची किंमत

सुई मज्जातंतूत किंवा त्याच्या अगदी जवळ शिरली, की दोन प्रकारे इजा होते. एक, सुईच्या टोकाने तंतू फाटतात. दोन, आत सोडलेले औषध तंतूंना रासायनिक इजा करते. हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरतो. नंतर तिथे सूज येते, व्रण धरतो आणि उरलेसुरले तंतूही दाबले जातात. सायॅटिक मज्जातंतूच्या दोन भागांपैकी बाहेरच्या अंगाचा भाग अधिक वेळा सापडतो. पाऊल वर उचलणारे स्नायू त्याच्याच ताब्यात असतात. ते लुळे पडले की पाऊल खाली लोंबते. पुढे मूल चालू लागले तर बोटे जमिनीला घासतात आणि अडखळू नये म्हणून ते गुडघा उगाच उंच उचलून चालते. काही मुले काही महिन्यांत सुधारतात, काहींना कायम पट्टा किंवा खास बूट वापरावा लागतो, काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते.

आपल्याकडे या इजेची ओळख पटायला एका वेगळ्या मोहिमेने मदत केली. पोलिओच्या निर्मूलनासाठी भारतात १९९७ पासून एक देखरेख यंत्रणा काम करू लागली. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची नोंद करायची, शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि तो पोलिओ आहे की नाही हे ठरवायचे, अशी ही व्यवस्था. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पण पाय लुळे पडलेल्या मुलांची तपासणी आजही चालू आहे. पोलिओ नाही असे ठरल्यावर लुळेपणाची जी इतर कारणे डॉक्टर पाहतात, त्यांत इंजेक्शनमुळे मज्जातंतूला झालेली इजा हे एक ठरलेले कारण आहे.

दोन्हींत फरकही आहे. इंजेक्शनची इजा ज्या पायात सुई टोचली त्याच पायात, टोचल्यानंतर लवकरच दिसते आणि पायाचा काही भाग बधिरही होऊ शकतो. पोलिओत ताप येतो, काही दिवसांत लुळेपणा वाढतो, पण स्पर्शाची जाणीव शाबूत राहते.

या दोन गोष्टींचा एक दुःखद संबंधही आहे. ज्या मुलाच्या शरीरात पोलिओचा विषाणू आधीच शिरलेला आहे त्याला त्याच दिवसांत स्नायूत इंजेक्शन दिले, तर लुळेपणा येण्याची शक्यता वाढते, आणि तो बहुधा टोचलेल्याच अवयवात येतो. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ आणि ब्रिटनमध्ये पोलिओच्या साथी आल्या तेव्हा हे लक्षात आले. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड हिल आणि नोल्डन यांनी १९५० मध्ये आकडेवारी मांडून ते दाखवले. स्नायूला झालेल्या इजेमुळे विषाणूला मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूकडे जाणे सोपे होते, असे १९९८ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले. भारतात पोलिओ सर्वत्र होता त्या काळात, साध्या तापासाठी गरज नसताना कमरेत दिलेल्या इंजेक्शनांनी अनेक मुलांचा लुळेपणा ओढवून घेतला, याकडे संशोधकांनी वारंवार लक्ष वेधले होते. इथे दोष केवळ जागेचा नव्हता, अनावश्यक सुईचाही होता. म्हणून सुरक्षित जागा निवडण्याआधी सुई खरोखर हवी आहे का, हा प्रश्न येतो. लसीच्या बाबतीत त्याचे उत्तर होकारार्थी आहे. प्रत्येक तापाच्या बाबतीत तसे नाही.

मांडीचे घड्याळ

आता मांडीकडे पाहू. बाळ उताणे झोपले आहे आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून त्याच्या डोक्याकडे पाहत आहोत, असे समजा. बाळाची डावी मांडी आपल्या उजव्या हाताला येईल. ती मधोमध आडवी कापली तर जो गोल दिसेल त्यावर घड्याळाचे आकडे कल्पावेत. वर, म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूला बारा. बाहेरच्या बाजूला तीन. खाली, म्हणजे मागच्या बाजूला सहा. आतल्या बाजूला, दुसऱ्या मांडीकडे, नऊ.

या घड्याळाच्या मध्याजवळ मांडीचे हाड असते. सहाच्या बाजूला, मागच्या स्नायूंच्या आड, सायॅटिक मज्जातंतू असतो. नऊ ते अकराच्या बाजूला पायाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी आणि तिच्यासोबतची नीला जाते. उरतो तो बारा ते तीनचा भाग. इथे मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी सर्वांत मोठा स्नायू असतो. त्याचे नाव व्हास्टस लॅटरॅलिस. बाळ जन्मल्यापासून पाय झाडत असते, त्यामुळे हा स्नायू जन्मतःच बऱ्यापैकी भरलेला असतो. आणि या भागात कोणताही मोठा मज्जातंतू किंवा मोठी रक्तवाहिनी नसते. सुई टोचायची ती दीड-दोनच्या ठोक्यावर, असे लक्षात ठेवता येईल. वैद्यकीय पुस्तके यालाच मांडीची 'पुढची-बाहेरची' बाजू म्हणतात. उजव्या मांडीसाठी हेच घड्याळ आरशात पाहावे.

उभ्या दिशेने जागा ठरवायची तीही सोपी आहे. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो. तिथपासून गुडघ्यापर्यंत तीन सारखे भाग करावेत आणि मधला भाग घ्यावा. वरच्या भागात जांघेजवळच्या रक्तवाहिन्या आणि कटीचा सांधा जवळ येतो, खालच्या भागात स्नायू निमुळता होऊन गुडघा जवळ येतो. मधला भाग दोन्हींपासून दूर. आरोग्यसेविका लंगोट पूर्ण सोडायला सांगते ती यासाठीच. कपडा नुसता वर सरकवला तर वरचा उंचवटा दिसत नाही आणि मधला भाग कोणता हे नक्की करता येत नाही.

मांडीची आणखी एक सोय आहे. बाळ आईच्या कुशीत, दूध पीत असतानाही मांडी मोकळी राहते. बाळाला आईने जवळ धरलेले असावे आणि शक्य असेल तर टोचताना अंगावर पाजावे, त्याने वेदना कमी जाणवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. कमरेत सुई द्यायची तर बाळाला पालथे करावे लागते आणि आईचा चेहराही त्याला दिसत नाही.

मग काही लसी दंडावर का?

चौकस विद्यार्थी इथे एक शंका काढेल. मांडी इतकी चांगली, तर बीसीजी दंडावर का देतात? गोवर-रुबेलाची लसही दंडावरच का?

उत्तर पुन्हा त्या तीन थरांत आहे. लहान बाळाच्या दंडावरचा डेल्टॉइड स्नायू फार छोटा असतो, त्याखाली हात हलवणारे मज्जातंतू जवळच असतात. म्हणून स्नायूत द्यायची लस बाळाच्या दंडात देत नाहीत. पण बीसीजी स्नायूत द्यायचीच नसते. ती त्वचेच्या आत, वरच्या वर दिली जाते. जन्मल्यावर लगेच दिली तर तिची मात्रा फक्त ०.०५ मिलिलिटर, महिन्याभरानंतर दिली तर ०.१ मिलिलिटर. नीट टोचली तर त्वचेवर छोटा फुगवटा येतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रे दिसतात. चुकून खोल गेली तर गळू होऊ शकते. पोलिओची टोचायची लसही आता पूर्ण मात्रेच्या एक पंचमांश, म्हणजे ०.१ मिलिलिटर, त्वचेतच देतात. त्वचेत प्रतिजने पकडणाऱ्या पेशी दाट असतात, त्यामुळे थोड्या लसीत काम भागते.

गोवर-रुबेलाच्या लसीत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. ते शरीरात थोडे वाढतात, म्हणून त्यांना अॅल्युमिनियमची जोड लागत नाही. ही लस त्वचेखालच्या चरबीच्या थरात, सुई तिरपी धरून देतात. म्हणजे दंडावर दिल्या जाणाऱ्या या तिन्ही लसी स्नायूपर्यंत जातच नाहीत. मूल मोठे झाले की डेल्टॉइड भरतो. मग पाचव्या-सहाव्या वर्षीचा डीपीटीचा डोस आणि शाळेत दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाणारी टीडीची लस दंडाच्या स्नायूत देता येते. तेव्हाही खांद्याच्या अगदी वर टोचू नये, नाहीतर सांध्याला इजा होते.

डावी-उजवीचा हिशोब

साडेतीन महिन्यांच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया टोचतात. ठरलेल्या वेळापत्रकात प्रत्येकीची जागा नेमून दिलेली आहे.

पेंटाव्हॅलंट: डाव्या मांडीच्या मध्यभागी, पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ०.५ मिलिलिटर.

न्यूमोकोकल लस: उजव्या मांडीवर त्याच जागी, स्नायूत, ०.५ मिलिलिटर.

पोलिओची टोचायची लस: उजव्या दंडावर, त्वचेत, ०.१ मिलिलिटर.

डावी-उजवीचा हा नियम शरीरशास्त्राचा नाही, दोन्ही मांड्या सारख्याच सुरक्षित आहेत. हा नियम नोंदीचा आहे. दुसऱ्या दिवशी एका मांडीवर सूज दिसली, तर ती कोणत्या लसीची हे विचारावे लागत नाही. बीसीजी नेहमी डाव्या दंडावर देतात त्याचेही कारण हेच. पुढे कधी सर्वेक्षण झाले, तर डाव्या दंडावरचा व्रण पाहून लस मिळाली होती हे सांगता येते. कधी एकाच मांडीत दोन लसी द्यायची वेळ आली तर त्यांच्यात किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवतात, तेही याच हेतूने.

लांब सुई क्रूर असते का?

आरोग्यसेविकेच्या हातातली सुई २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर लांब असते. एवढ्याशा मांडीत एवढी सुई पाहून आईच्या पोटात गोळा येतो. पण आखूड सुई चरबीतच थांबण्याचा धोका असतो. ब्रिटनमध्ये डिगल आणि डीक्स यांनी चार महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. १६ मिलिमीटरच्या सुईपेक्षा २५ मिलिमीटरच्या सुईने लस दिलेल्या बाळांच्या मांडीवर लाली आणि सूज कमी आढळली. लस योग्य थरात पोचली की त्रास कमी होतो, असा याचा अर्थ.

सुई काटकोनात का धरायची हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीने सांगता येईल. २५ मिलिमीटरची सुई पूर्ण काटकोनात गेली तर ती २५ मिलिमीटर खोल जाईल. ४५ अंशांत तिरपी गेली तर खोली २५ गुणिले ०.७०७, म्हणजे साधारण १८ मिलिमीटरच भरेल. कोन बदलला की थर बदलतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातली कोणतीही कृती सुई न वापरता करता येते, आणि सुई वापरू नयेच.

एक: विद्यार्थ्यांनी खुर्चीवर बसून स्वतःच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात तळहात ठेवावा आणि गुडघा सरळ करून पाय उचलावा. हाताखाली जो स्नायू कडक होतो तोच व्हास्टस लॅटरॅलिस. पाय सैल सोडल्यावर तो मऊ होतो. टोचताना बाळाचा पाय किंचित वाकवून सैल ठेवतात त्याचे कारण इथे हाताला कळते.

दोन: कापडी बाहुलीच्या मांडीवर खडूने तीन भाग आखावेत, घड्याळाचे आकडे लिहावेत आणि योग्य जागी टिकली चिकटवावी. मग बाहुलीच्या कमरेवर सायॅटिक मज्जातंतूचा मार्ग लाल दोऱ्याने दाखवावा. जागा किती अरुंद आहे हे लगेच दिसते.

तीन: विद्यार्थ्यांनी घरातील लहान भावंडाचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहून कोणती लस कोणत्या जागी दिली याचा तक्ता करावा आणि प्रत्येक जागेपुढे थर लिहावा: त्वचा, त्वचेखाली की स्नायू.

आजीला काय सांगायचे?

आता आजीच्या तक्रारीचा उरलेला भाग. बाळाने दोन दिवस पाय नीट हलवला नाही, हे तिचे निरीक्षण खरे असते. लशीनंतर मांडी दुखते, थोडी सुजते, म्हणून बाळ पाय हलवायला नाखूश असते. पण ते पायाची बोटे हलवते, तळव्याला गुदगुल्या केल्या की पाऊल मागे ओढते. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरते. त्या जागी चोळू नये, काही लेप लावू नये, थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवले तरी पुरते. याउलट पाऊल लोंबत असेल, स्पर्श करूनही हलत नसेल, तर वाट न पाहता बाळाला सरकारी दवाखान्यात दाखवावे. मग सुई कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही कारणासाठी टोचलेली असो.

आजीला मांडीचे ते दोन दिवसांचे दुखणे दिसते. कमरेतल्या सुईने होऊ शकणारे नुकसान तिला दिसत नाही, कारण ते त्वचेच्या आड असते आणि कधी कधी महिन्यांनी, मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा लक्षात येते. आरोग्यसेविकेला हे सगळे समजावायला वेळ नसतो. पण आठवीतली एखादी मुलगी घरी जाऊन आजीच्या हातावर हात ठेवून सांगू शकते, "आजी, कमरेत मांस नाही गं, चरबी आहे. आणि त्या चरबीखाली बाळाच्या पायाची दोरी आहे."

आणि पुढे कधी तापाने फणफणलेल्या बाळाला कोणी पालथे करून कमरेत सुई द्यायला लागले, तर हीच मुलगी दोन प्रश्न विचारील. इंजेक्शनची गरज आहे का? आणि असेल, तर मांडीत का नाही?